जानेवारीतली गाभोळी

१

अकराच्या अकरा माशांत विषाचा कणही सापडला नाही, म्हणून माझी भाची ओक्साबोक्शी रडत होती.

ऑगस्ट नव्व्याण्णवचा सोमवार, संध्याकाळचे सहा. मी पोळ्या लाटत होते आणि तनया स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून हुंदके देत होती.

"आत्या, शून्य आलंय गं. सगळीकडे शून्य!"

"मग पेढे वाट. रडतेस काय?"

बोलले आणि जीभ चावली. माझ्या तोंडाचं हे असंच आहे. मी हेमा आगाशे. एकतीस वर्षं सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मेलेल्या माणसांच्या पोटातलं विष शोधलं. निवृत्त झाल्यापासून स्वतःच्या पोटातलं पित्त तेवढं शोधते. त्यामुळे तनया कशासाठी रडते आहे हे पुण्यात मला नाही कळायचं तर कोणाला?

सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे, एका ओढ्याच्या काठी 'तेजोलेप' नावाचा मुलामा देणारा सात-आठ वर्षांचा कारखाना होता. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर तिथे कॅडमियम चढवत. उरलेलं पाणी ओढ्यात जातं आणि ओढा नदीत, अशी काठावर मासेमारी करणाऱ्या भोयांची तक्रार होती. सरकारी माणूस येई, बाटलीत पाणी भरून नेई, अहवाल स्वच्छ. कारण पाणी वाहून जातं. त्या दिवशी सोडलंच नसेल तर बाटलीत येणार काय, कपाळ? मासा मात्र चोवीस तास त्याच पाण्यात असतो. कॅडमियम त्याच्या यकृतात साठत जातं आणि सहजासहजी बाहेर पडत नाही.

तनया माझ्याकडेच वाढलेली, रसायनशास्त्राची. एका कॉलेजात याच विषयावर प्रबंध करत होती. जानेवारीत मैना नावाच्या भोईणीने ओढ्याच्या तोंडाशी जाळं टाकून तिला अकरा रोहू दिले होते. ते कॉलेजच्या फ्रीजरमध्ये पडून होते, कारण धातू मोजायच्या यंत्राला प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा लागतो आणि कॅडमियमचा दिवा यायलाच जुलै संपला. येत्या शनिवारी जनसुनावणी होती. तेजोलेपला कारखाना तिप्पट करायचा होता. आता नवे मासे धरावेत, तर खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, नदी दुथडी भरून चाललेली. जाळं टाकणार कोण?

"आत्या, मैनाबाईंची सून आहे ना, दीपमाला, तिला सातवा महिना लागलाय," तनया म्हणाली. "तिची हाडं दुखतात. उठताना भिंत धरते. चांगला मासा गिऱ्हाइकाला जातो आणि घरात राहतात डोकी नि काळीज. काळीज म्हणजे यकृतच, नेमकं जिथे साठतं तेच ती रोज खाते. शनिवारी हा शून्याचा कागद वाचला गेला की संपलं. मी ढमढेरे सरांना सांगून आले, हे माझे मासे नाहीत. कोणीतरी बदललेत. शनिवारी मी तिथे उभी राहून हेच सांगणार."

"कोणाकोणासमोर म्हणालीस?"

"सगळे होते तिथे."

तेवढ्यात फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे कोणी बोलेना. नुसता पाण्याचा आवाज, अखंड वाहणारा, आणि मधूनच काचेवर थेंब पडल्यासारखं काहीतरी. मग कुजबुज आली.

"पोरी, पोहता येतं का तुला?"

२

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? आयुष्यभर मुडदे पाहिले, पण त्यातला एकही आमच्या घरचा नव्हता. त्या रात्री दाराला कडी घातली, वर खुर्चीही लावली.

मंगळवारी तनयाला घरी बसवलं आणि मीच कॉलेजात गेले. फ्रीजरच्या किल्ल्या तिघांकडे होत्या.

पहिले डॉ. सुदर्शन ढमढेरे, विषय माशांचा म्हणून तनयाला मिळालेले मार्गदर्शक. प्राणिशास्त्रातलं मोठं नाव. माशांच्या विणीच्या हंगामावर त्यांचं सगळं संशोधन.

"मॅडम, मी तेजोलेपचा सल्लागार आहे. लपवत नाही," ते म्हणाले. "तुमच्या भाचीला हवं ते उत्तर आलं नाही म्हणून मासे बदलले म्हणायचं, याला विज्ञान म्हणतात का?"

"अहो, पण सल्लागारानेच विद्यार्थिनीला मार्गदर्शन करायचं, याला तरी काय म्हणतात?"

ते लालबुंद झाले. माझ्यासाठी दार उघडून धरलं.

दुसरा संतोष, प्रयोगशाळेतला मदतनीस. पस्तिशीचा, पैनगंगेकाठच्या गावाहून पोटासाठी आलेला. त्याचा भाऊ तेजोलेपमध्येच कामाला. संशय घ्यायचा तर गरिबावर आधी, ही जगाची रीत. कॉलेजात जो तो त्याच्याकडे बोट दाखवत होता.

"मी काई नाई केलं जी, मॅडम," तो हात जोडून म्हणाला. "लेकरायची आन. माही नोकरी जाईन."

पण बोलताना त्याने नजर वर केली नाही. काहीतरी तो लपवत होता, एवढं मला दिसलं.

तिसरा गोपाळकृष्ण. यंत्रांच्या खोलीचा प्रमुख, आणि एम.एस्सी.ला माझ्याच बाकावर बसलेला. चाळीस वर्षांची ओळख. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य, असल्या घरातला. मी खोलीत शिरले तशी त्याने उठून कोपऱ्यातला नळ बंद केला.

"बस गं. या नळाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. आधी पेढा घे. आमोदच्या घरी पाळणा हलणार आहे."

"वा! म्हणजे आजोबा होणार तू. आमोद काय करतो सध्या?"

"नोकरी सोडली की त्याने. भागीदारीत धंदा टाकलाय. कॉम्प्युटरच्या जोडण्या, म्हणजे कनेक्टर, बनवतो. अमेरिकेची ऑर्डर आहे. ते दोन हजार सालाचं खूळ आहे ना, सगळ्यांना सगळं नवं हवंय."

तेवढ्यात त्याची सून पूर्णिमा आत डोकावली. आयटीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र. संतोषने लगबगीने तिच्या हातात स्टीलचा डबा दिला आणि ती हसून निघून गेली.

"संतोषच्या बायकोच्या हातचं थालीपीठ," गोपाळ म्हणाला. "डोहाळे लागलेत. आता घरचं काही गोड लागत नाही तिला."

मग त्याने स्वतः फ्रीजर उघडून तनयाने कापलेल्या माशांचे उरलेले भाग दाखवले. डोकी, सांगाडे, शेपटीला बांधलेल्या तिच्या चिठ्ठ्या, तारीख बारा जानेवारी. हे सगळं दाखवताना त्याने नाकाला रुमाल लावला होता. तनयाची टिपणवहीही मी वाचली. नऊ नंबरच्या माशापुढे तिने लिहिलं होतं, 'पोट अंड्यांनी पूर्ण भरलेले.' सहा, सात आणि अकरापुढेही तेच. मला त्यातून काही बोध झाला नाही. मासा मी जन्मभर बरणीतच पाहिलेला.

घरी आले तर तनया भिंतीला टेकून बसलेली. फोनचा रिसीव्हर खाली लोंबकळत होता.

"परत आला, आत्या. तेच पाणी. म्हणाला, शनिवारी नदीला पाणी जास्त असेल."

३

बुधवारी आम्ही स्वारगेटहून बस पकडून भोयांच्या वस्तीवर गेलो. सगळा रस्ताभर तनयाने माझा हात सोडला नाही.

मैना जाळं शिवत होती. पन्नाशीची, काटक. दीपमाला दारात बसून तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून उठायला गेली आणि कण्हून परत बसली.

"डॉक्टर म्हंतो क्याल्शम कमी हाय," मैना म्हणाली. "पांढऱ्या गोळ्या दिल्यात. गुण न्हाई."

मी टिपणवही उघडली. "मैनाबाई, जानेवारीत तुम्ही दिलेल्या माशांपैकी चारांच्या पोटात भरपूर अंडी निघाली. त्याने काही फरक पडतो का हो?"

मैनाचा हात जाळ्यावरच थांबला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं की सूर्य पश्चिमेला उगवला तर चालेल का.

"रव्हाच्या पोटात? जानेवारीत गाभोळी?"

"हो. भरलेली."

"अवो ताई, कुनी फशिवलं तुमास्नी! रव्ह भरतो पावसाच्या तोंडाला. जेष्ठ-आषाढात. थंडीत त्याच्या पोटात काय नसतंय. आमच्या बारक्या पोराला बी ठावं हाय."

तनयाने टिपणवही माझ्या हातातून ओढून घेतली. "म्हणजे ते मासे जून-जुलैत आणलेले."

"बाजारातून," मी म्हणाले. "आणि चिठ्ठ्या जानेवारीच्या बांधल्या. मैनाबाई, तुमचे मासे समोर आले तर ओळखाल?"

"न वळखायला काय झालं? मी डावखोरी. सुतळी डाव्या कल्ल्यातनं घालते नि तोंडातनं काढते. हिसका दिला की डावा जबडा फाटतो. बाकी समदे उजवीकडनं ववतात."

कालची डोकी मला आठवली. एकाचाही जबडा फाटलेला नव्हता.

परतीच्या बसमध्ये माझं डोकं भराभर चालू लागलं. ज्याने मासे बदलले त्याला गाभोळीचा हंगाम ठाऊक नव्हता. ढमढेऱ्यांनी तर त्या हंगामावर अख्खं आयुष्य घालवलं. त्यांना बदलायचे असते तर अंड्यांचे मासे त्यांनी हातातही धरले नसते. संतोष नदीकाठी वाढलेला, मासळी त्याच्या रोजच्या खाण्यातली. तोही ही चूक करणार नाही. ही चूक कोण करील? ज्याच्या घरात सात पिढ्यांत मासा शिरला नाही तो. जो नाकाला रुमाल लावून बाजारात उभा राहिला आणि कोळणीने दिले ते अकरा मासे घेऊन पळाला.

मला ते नाव मनातसुद्धा घ्यायचं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी मीच झडप घातली.

"घरी बस, पोरी," कुजबुज आली. "आत्याला तुझ्याशिवाय कोण आहे?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. धमकीने नाही. आवाजाच्या मागे पाणीच नव्हतं. नळ नाही, थेंब नाही, नुसता श्वास. मी रिसीव्हर ठेवला आणि हात धुवायला मोरीत गेले. नळ कोरडा. गुरुवार ना! धरण भरून वाहतंय आणि शहराच्या नळाला गुरुवारी पाणी नाही, याला पुणे म्हणतात.

आणि तिथे त्या कोरड्या नळासमोर मला समजलं की सोमवारी-मंगळवारी आम्ही ऐकलं ती नदी नव्हतीच.

४

शुक्रवारी दुपारी मी न कळवता यंत्रांच्या खोलीत गेले. गोपाळ पाठमोरा बसला होता. कोपऱ्यात शुद्ध पाणी काढायचं काचेचं यंत्र चालू होतं. त्याला गार ठेवायला नळाचं पाणी अखंड वाहत होतं आणि काचेच्या बरणीत थेंब पडत होते. त्याच्या शेजारीच टेलिफोन.

"नळ बंद करू नकोस," मी म्हणाले. "ऐकू दे. चांगली ओळख झालीये माझी या आवाजाशी."

तो वळला. चेहरा कागदासारखा पांढरा.

"मंगळवारी मी आले तेव्हा तू घाईने नळ बंद केलास. मला वाटलं सभ्यपणा. सोमवारी फोनवर हाच आवाज होता, मंगळवारी हाच. काल मात्र नव्हता, कारण काल पाणीच नव्हतं. पोहता येतं का म्हणे! अरे, मांडीवर खेळवलंस तिला तू!"

"हेमा, हळू बोल."

"का? आणि नुसते आकडे का नाही बदललेस? यंत्र तर तुझ्याच ताब्यात."

त्याने उठून दार लोटलं. मग म्हणाला, "ती स्वतः मोजते. शिवाय अर्धे नमुने मुंबईला पाठवायचे होते. दोन्हीकडे तेच यायला हवं होतं."

"म्हणून मासेच बदललेस. पण गोपाळ, जानेवारीच्या चिठ्ठीखाली आषाढातली गाभोळी? ढमढेरे असते तर हसले असते. तेजोलेप आमोदचा, हो ना? अमेरिकेला जाणाऱ्या जोडण्यांवर मुलामा तिथेच चढतो."

त्याने मान खाली घातली. "कागदावर भागीदाराचं नाव आहे, कारखाना मुळात त्याचाच जुना. जुलैत सुनावणीची तारीख लागली आणि तो माझ्यासमोर रडला गं. बाबा, वाचवा म्हणाला. तीस पोरं आहेत कामाला. मी तनयाच्या केसालाही धक्का लावला नसता. फक्त घाबरवायचं होतं, शनिवारपुरतं."

"आणि दीपमाला?"

"कोण दीपमाला?"

माझं डोकं सणकलं. पण ओरडून उपयोग नव्हता. सगळा पुरावा त्या अकरा माशांत होता, आणि सुनावणी उद्यावर आली होती.

"मूळ मासे कुठे आहेत?"

"फेकले. महिना झाला. संतोषच्या हातात पिशवी दिली नि सांगितलं, खराब माल आहे, टाकून ये."

संपलं, असं वाटलं मला. तरी मी दारात जाऊन संतोषला हाक मारली. तो आला आणि मंगळवारसारखाच जमिनीकडे बघत उभा राहिला.

"संतोष, साहेबांनी जुलैत दिलेली पिशवी कुठे टाकलीस?"

तो एकदम रडायलाच लागला. "चुकलं जी माहं! नाई फेकली. बर्फातला मासा, खराब कुठचा? एवढं अन्न कसं फेकावं? नोकरी जाईन मनून बोललो नाई."

"मग तुझ्या घरी खाल्लेस?"

"नाई जी. आमी तोंडातबी नाई घातला." त्याने डोळे पुसले, गोपाळकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. "पूर्णिमाताईले डोहाळे लागले होते मासोळीचे. त्यायच्या माहेरी रोज मासे, न तुमच्या घरात चालत नाई. चोरून सांगतलं त्यायनं. पोटुशीचे डोहाळे मोडू नाई, असं माही माय मने. मंग माह्या बायकोनं रांधून महिनाभर डबा देल्ला. डोकं, काळीज, समदं. ताईले काळीज लई आवडते."

काचेच्या बरणीत थेंब पडत राहिले. गोपाळने टेबलाची कड धरली.

"किती?" तो म्हणाला. "किती मासे?"

"नऊ जी. दोन रायले हायेत, आमच्या गल्लीतल्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरात."

गोपाळ माझ्याकडे वळला. चाळीस वर्षांत त्याचे डोळे मी असे पाहिले नव्हते.

"हेमा, तू विषातली आहेस. खरं सांग. काही होईल का गं तिला? बाळाला?"

उत्तर मला माहीत होतं. पण चार रात्री माझी पोर दाराला खुर्ची लावून झोपत होती.

"कशाला काय होईल?" मी म्हणाले. "तुझ्याच यंत्राचा अहवाल आहे. शून्य."

५

त्या दोन माशांचे डावे जबडे फाटलेले होते. तनयाने शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकाचं यकृत तपासलं. दुसरा मासा ढमढेऱ्यांनी स्वतः मोहोरबंद करून मुंबईला धाडला आणि कारखान्याचं सल्लागारपद सोडल्याचं पत्रही त्याच दिवशी लिहिलं. यंत्राचा काटा इतका वर गेला की तनयाला वाटलं यंत्रच बिघडलं. तिने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच.

शनिवारी शाळेच्या सभागृहात माणसं मावत नव्हती. तनया कागद घेऊन माझ्याशेजारी बसली होती. तिचं नाव पुकारण्याआधीच गोपाळ उठला आणि माईकपाशी गेला. आमोद पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्याकडे न बघता गोपाळने सगळं सांगितलं, मासे, चिठ्ठ्या, फोन, सगळं. मधे कुठेच थांबला नाही. कारखाना वाढवणं दूरच, चालू होता तोही सरकारने त्याच आठवड्यात बंद ठेवायला लावला. गोपाळवर पुढे काय कारवाई झाली ती कागदोपत्री आहे. मी त्यात पडले नाही.

सभा संपल्यावर तो बाहेर पायरीवर बसला होता. मी जवळ गेले. राग होताच, पण माणूस जुना.

"ऐक," मी म्हणाले. "महिनाभराच्या खाण्याने बहुतेक काही होत नाही. तरी तिला डॉक्टरांकडे ने आणि खरं काय ते सांग. हे वर्षानुवर्षं साठतं, तेव्हा हाडं खातं."

त्याने तोंडावर हात घेतले आणि लहान पोरासारखा रडला.

मैना दीपमालेला धरून पायऱ्या उतरत होती. एकेक पायरी, थांबत थांबत. गोपाळ धडपडून उठला आणि तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"बाई, मला माफ करा. माझ्या सुनेनेही तेच मासे खाल्ले."

मैनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"किती दिस?"

"महिनाभर."

"माझी सून सा वर्सं खातीया," मैना म्हणाली, आणि दीपमालेचा हात धरून पुढच्या पायरीवर उतरली.